स्लाइड-इन कॅम्परसाठी जुना पिकअप कसा निवडावा

पिकअपच्या हौद्यात बसणाऱ्या स्लाइड-इन कॅम्परमध्ये पलंग, ओटा, शेगडी, पाण्याची टाकी आणि बऱ्याच मॉडेलांत संडास-बाथरूमही असतं. घरी तो चार जॅकवर उभा राहतो. निघायच्या दिवशी ट्रक रिव्हर्स घेत त्याच्याखाली घालायचा, कॅम्पर हौद्यात उतरवायचा, चारही कोपऱ्यांना आवळायचा आणि निघायचं. मागे ट्रेलर नसल्यामुळे घाटातली वळणं, गॅस स्टेशन, गर्दीचा पार्किंग लॉट यांची धास्ती कमी होते. परत आल्यावर कॅम्पर उतरवला की ट्रक रोजच्या कामाला मोकळा. अमेरिकेत किंवा कॅनडात राहणाऱ्या, लहान मुलं असलेल्या आणि अधूनमधून भारतातून आई-बाबा येऊन राहणाऱ्या मराठी घराला ही सोय फार उपयोगाची आहे. आजी-आजोबांना तंबूत जमिनीवर झोपवावं लागत नाही आणि रात्री संडास शोधत हिंडावं लागत नाही.

नव्या मोठ्या पिकअपच्या किमती बघता जुना ट्रक घेण्याचा विचार बरोबरच आहे. फक्त बहुतेक नवखे एका आकड्यावर भाळतात: 'हा ट्रक बारा हजार पौंड ओढतो.' कॅम्परच्या बाबतीत त्या आकड्याचा काहीही उपयोग नाही. बैल गाडीभर ऊस ओढतो म्हणून तेवढा ऊस त्याच्या पाठीवर कुणी लादत नाही. कॅम्पर हा पाठीवरचा भार आहे, आणि पाठीवर किती पेलेल याला पेलोड म्हणतात. या लेखातली प्रत्येक पायरी त्या एका आकड्यापाशी येऊन पोचते. ब्रँड, रंग, इंजिन, आतलं लेदर हे सगळं त्याच्यानंतर.

आधी कॅम्पर ठरवा

ट्रक आधी घेऊन नंतर त्याला बसेल असा कॅम्पर शोधणारे लोक हमखास अडकतात. ट्रक दारात उभा असतो, हप्ते सुरू झालेले असतात आणि मनासारखा प्रत्येक कॅम्पर त्याच्यासाठी जड निघतो. म्हणून कॅम्पर प्रत्यक्ष विकत घेतला नाही तरी कोणत्या प्रकारचा आणि साधारण कोणत्या मॉडेलचा हवा, हे पक्कं करा.

ढोबळमानाने दोन घराणी आहेत. छत वर उघडणारे पॉप-अप कॅम्पर हलके असतात. रिकामे असताना साधारण हजार ते अठराशे पौंड. फोर व्हील कॅम्पर्स ही त्यातली जुनी ओळखीची कंपनी. दुसरे हार्ड-साइड, म्हणजे पक्क्या भिंतींचे. त्यांची सुरुवात सतराशे-अठराशे पौंडांपासून होते आणि भिंती बाहेर सरकणारे मोठे मॉडेल चार हजारांच्या पुढे जातात. लान्स, नॉर्दर्न लाइट, आर्क्टिक फॉक्स, होस्ट ही त्यातली नावं. दोघांनाच फिरायचं असेल आणि हवा बरी असतानाच जायचं असेल तर पॉप-अप सुखाचा आहे. थंडी, पाऊस, आजी-आजोबा आणि मुलं असतील तर मला हार्ड-साइडच योग्य वाटतो. पॉप-अपच्या वरच्या भागाला कापडी भिंती असतात, त्यातून गारवा येतो, आणि रोज संध्याकाळी छत वर करावं लागतं.

खरं वजन मांडा

ब्रोशरमध्ये छापलेलं 'ड्राय वेट' म्हणजे पाणी, गॅस, सामान यांच्याशिवायचं वजन. अनेकदा त्यात एसी, छत्रीसारखं उघडणारं ऑनिंग अशी वरून घेतलेली उपकरणंही धरलेली नसतात. कागद-पेन्सिल घेऊन एकदा ही बेरीज स्वतः कराच.

समजा तुम्हाला आवडलेल्या कॅम्परचं ब्रोशरमधलं वजन २,४०० पौंड आहे. एसी, ऑनिंग वगैरेचे २५० धरा. स्वच्छ पाण्याची टाकी ३० गॅलनची असेल तर ते २५० पौंड, कारण अमेरिकन गॅलनभर पाणी ८.३४ पौंड भरतं. प्रोपेनचे दोन वीस पौंडी सिलिंडर लोखंडासकट पाऊणशे पौंडांच्या आसपास. दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या १२०. आवळण्याच्या साखळ्या, त्यांचे ब्रॅकेट, जादा स्प्रिंग मिळून १५०. मग कपडे, अंथरुणं, खुर्च्या, हत्यारं, फ्रिजमधलं सामान, कुकर, लोखंडी तवा, कणकेचा डबा, तांदळाची पिशवी यांचे ४५०. हा आकडा जास्त वाटेल, पण आपल्या घरातला सहलीचा स्वयंपाक हलका नसतो. एवढ्यावर आपण ३,६९५ला पोचलो. त्यात माणसं मिळवायची. आई, वडील आणि दोन मुलं मिळून ४३० पौंड धरले तर बेरीज ४,१२५.

चोवीसशेचा कॅम्पर एक्केचाळीसशेवर गेला. आजी-आजोबा बरोबर असतील तर आणखी तीनशे. ट्रकचं पेलोड या शेवटच्या आकड्याशी ताडून बघायचं असतं, आणि विकणारा नेमका पहिला आकडा सांगत असतो. सांडपाण्याच्या टाक्या भरलेल्या असतील तर त्यांचंही वजन असतं. मात्र पाणी एका टाकीतून दुसरीत जातं, म्हणून ते दोनदा मोजू नका.

दरवाजातला स्टिकर वाचा

ट्रक बघायला गेलात की बॉनेट उघडण्याआधी ड्रायव्हरचा दरवाजा उघडा. चौकटीवर दोन स्टिकर असतात आणि त्यांच्यावर काय लिहिलंय ते विकणाऱ्याच्या तोंडच्या कुठल्याही वाक्यापेक्षा महत्त्वाचं आहे.

एक, टायर आणि लोडिंगचा, पिवळी पट्टी असलेला. त्यावर इंग्रजीत एक वाक्य असतं: माणसं आणि सामान यांचं एकत्रित वजन अमुक किलो किंवा अमुक पौंडांपेक्षा कधीही जास्त होता कामा नये. हे त्या विशिष्ट गाडीचं, कारखान्यातून बाहेर पडली त्या अवस्थेतलं पेलोड. त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या शेजारच्या ट्रकचा आकडा चार-पाचशे पौंडांनी वेगळा असू शकतो. सनरूफ, मोठी केबिन, फोर-व्हील ड्राइव्ह, गादीदार सीट असं जे जे जास्त, ते पेलोडमधून वजा होतं. म्हणून कॅम्परसाठी सगळ्यात साधी, 'वर्क ट्रक' म्हणून विकली गेलेली आवृत्ती उत्तम. फोर्डमध्ये एक्सएल, शेवरोलेमध्ये डब्ल्यूटी, रॅममध्ये ट्रेड्समन. विनाइलचं सीट आणि रबरी मॅट बघून नाक मुरडू नका. चिखलाचे बूट घालून चढायचं आहे, तेव्हा ते सोयीचंच पडतं.

दुसऱ्या स्टिकरवर जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त मान्य वजन, आणि पुढच्या-मागच्या ॲक्सलची वेगवेगळी मर्यादा असते. जीव्हीडब्ल्यूआर दहा हजार पौंडांपेक्षा जास्त असलेल्या ट्रकवर पहिला, पेलोडचा स्टिकर अनेकदा नसतो. तिथे रिकाम्या गाडीचं वजन काट्यावर करून वजाबाकी करावी लागते. काट्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

मागच्या ॲक्सलच्या मर्यादेकडे नवखे हमखास दुर्लक्ष करतात. कॅम्परचा जवळपास सगळा भार मागच्या चाकांवर येतो. एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा ॲक्सल मर्यादेबाहेर जाऊ शकतो. रिकाम्या ट्रकचा मागचा ॲक्सल २,९०० पौंड दाखवत असेल आणि त्याची मर्यादा ७,००० असेल, तर तिथे ४,१०० शिल्लक आहेत. हा हिशेब एकूण वजनाच्या हिशेबाइतकाच बंधनकारक समजा.

ग्लव्ह बॉक्समधली कागदपत्रंही चाळा. स्लाइड-इन कॅम्पर चालणार असेल तर किती वजनाचा आणि त्याचा गुरुत्वमध्य हौद्यात कुठून कुठपर्यंत चालेल, याची माहिती ट्रक कंपनीने दिलेली असते. काही ट्रकांच्या बाबतीत कॅम्पर लावू नका असंही स्पष्ट लिहिलेलं असतं. कॅम्परच्या बाजूवर गुरुत्वमध्याची खूण असते. कॅम्पर बसवल्यावर ती खूण मागच्या ॲक्सलच्या पुढे आली पाहिजे. मागे गेली की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंगची पकड जाते.

अर्धा टन, पाऊण टन, एक टन

ही नावं फार जुन्या काळातली आहेत, आज त्यांचा प्रत्यक्ष वजनाशी संबंध उरलेला नाही. तरी बाजारात हीच भाषा चालते.

अर्धा टन म्हणजे फोर्ड एफ-१५०, सिल्व्हराडो १५००, रॅम १५००, टोयोटा टुंड्रा. चार दरवाज्यांच्या फोर-व्हील ड्राइव्ह गाडीवर पेलोड साधारण तेराशे ते एकोणीसशे पौंड. वरची बेरीज आठवा. दोघांसाठी अगदी हलका पॉप-अप सोडला तर हा वर्ग विसरा. जास्त पेलोडचं पॅकेज असलेले एफ-१५० मिळतात, पण ते शोधून काढावे लागतात.

पाऊण टन, म्हणजे एफ-२५० आणि २५०० मालिका, इथे फसगत सर्वात जास्त होते. गाडी दणकट दिसते आणि असतेही, पण त्यातल्या अनेकांचा जीव्हीडब्ल्यूआर दहा हजारांवर अडवलेला असतो. चार दरवाज्यांचा, लांब हौद्याचा गॅस (म्हणजे पेट्रोल) इंजिनवाला ट्रक रिकामा ६,८०० भरला तर हातात ३,२०० उरतात. तोच ट्रक डिझेल असेल आणि ७,५०० भरला तर २,५०० फक्त. पॉप-अपसाठी किंवा लहान हार्ड-साइडसाठी ठीक, वरच्या उदाहरणातल्या कॅम्परसाठी नाही. रॅम २५००मध्ये २०१४पासून मागे पाट्यांच्या स्प्रिंगऐवजी कॉइल स्प्रिंग आहेत. रिकाम्या गाडीत त्याचा आराम जाणवतो, पण उंच कॅम्पर घेऊन वळणावर झुकणं जास्त होतं. कॅम्परसाठी मी पाट्यांचीच गाडी बघेन.

एक टन, म्हणजे एफ-३५० आणि ३५०० मालिका, हीच या कामासाठी माझी शिफारस. मागे दोनच चाकं असलेल्या गाडीचं पेलोड बऱ्याचदा साडेतीन ते साडेचार हजारांच्या दरम्यान असतं. जुन्या बाजारात पाऊण टन आणि एक टन यांच्या किमतीतला फरक अनेकदा फारसा नसतो. एफ-२५० आणि एफ-३५० शेजारी उभे केले तर ओळखणं कठीण जातं. फरक मुख्यतः मागच्या स्प्रिंगांत आणि स्टिकरवरच्या आकड्यात आहे, आणि तो आकडाच आपण विकत घेतोय.

मागे चार चाकांचा ड्युअली पाच हजारांच्या वर पेलोड देतो आणि वाऱ्यात फार स्थिर चालतो. पण टायर सहा, मागची रुंदी आठ फुटांच्या आसपास, आणि कॅम्परचे पुढचे जॅक बाहेर काढायला वेगळे ब्रॅकेट लागतात. भिंती सरकणारा मोठा कॅम्पर घेणार असाल तर ड्युअलीला पर्याय नाही. नसाल तर त्याचा त्रास रोज सोसायची गरज नाही.

हौदा आणि लांबी

लांब हौदा आठ फुटांचा, आखूड साडेसहाच्या आसपास. कॅम्पर कोणत्या हौद्यासाठी बनवलाय हे त्याच्या माहितीपत्रकात असतं. आठ फुटी हौद्यात कॅम्परचा भार ॲक्सलच्या पुढे घेणं सोपं जातं, आणि पुढे कॅम्पर बदलायचा झाला तर निवडही जास्त मिळते.

पण लांबीची किंमत मोजावी लागते. चार दरवाजे अधिक आठ फुटी हौदा म्हणजे एफ-३५०ची लांबी सुमारे २२ फूट. ग्लेशियर नॅशनल पार्कच्या गोइंग-टू-द-सन रोडवर मधल्या, सर्वात सुंदर टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब गाडीला मनाई आहे. म्हणजे कॅम्पर नसतानाही हा ट्रक तिथे जाऊ शकत नाही. आखूड हौद्याचा चार दरवाज्यांचा ट्रक जेमतेम २१च्या आत बसतो, पण कॅम्परचा मागचा भाग बाहेर आला की तोही गेला. जिथे जायचं स्वप्न आहे त्या जागांचे नियम गाडी घेण्याआधी बघा. घराच्या गॅरेजची लांबी मोजा. एचओए, म्हणजे वसाहतीची घरमालक संस्था, असेल तर ड्राइव्हवेमध्ये कॅम्पर ठेवता येतो का, हे लेखी विचारा. अनेक वसाहतींत ते चालत नाही आणि मग महिन्याच्या भाड्याने जागा घ्यावी लागते.

हौद्याच्या कडांची उंची आणि केबिनच्या टपाची उंचीही मोजून घ्या. नवे ट्रक उंच होत गेलेत. जुना कॅम्पर नव्या ट्रकवर ठेवला तर केबिनवर पुढे आलेलं त्याचं नाक टपाला टेकू शकतं, आणि मग खाली जाड फोमचे तक्ते घालून उचलावं लागतं.

गॅस की डिझेल

नवख्याने गॅसचं इंजिन घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. डिझेलचं इंजिन कित्येक शे पौंडांनी जड असतं आणि ते वजन थेट पेलोडमधून जातं. २००७नंतरच्या डिझेलला धूर गाळणारी यंत्रणा (डीपीएफ) आहे, पुढे धूर स्वच्छ करणारं डीईएफचं द्रावणही आलं. वॉरंटी संपलेल्या गाडीत यातलं काही बिघडलं की बिल हजारोंत जातं. डिझेलचं खरं सुख चढावर आणि उतारावर आहे. कोलोरॅडोत आय-७०वर आयझेनहॉवर बोगदा ११ हजार फुटांवर आहे. तिथे पोचेपर्यंत साध्या गॅस इंजिनाची बरीच ताकद विरळ हवेत जाते, डिझेलची टर्बोमुळे टिकते. उतरताना डिझेलचा एक्झॉस्ट ब्रेक मोठा आधार देतो. दर महिन्याला रॉकीज गाठणार असाल तर डिझेलचा विचार करा. उन्हाळ्यात चार-पाच सहली करणार असाल तर गॅस इंजिन, खालच्या गिअरमध्ये सावकाश.

गॅसमध्ये फोर्डचं ६.२ लिटरचं (२०११पासून सुपर ड्युटीत, म्हणजे एफ-२५०, एफ-३५०मध्ये), जीएमचं ६.० आणि रॅमचं ६.४ ही इंजिनं जुन्या बाजारात सहज मिळतात, आणि कुठल्याही गावातला मेकॅनिक ती ओळखतो. ॲक्सलचा रेशो, म्हणजे ॲक्सलमधल्या गिअरचं प्रमाण, ३.७३ किंवा त्याहून मोठा, शक्यतो ४.१० किंवा ४.३०, असलेली गाडी बघा. डिझेलच घ्यायचं ठरलं तर फोर्डचं २००३ ते २००७चं ६.० आणि २००८ ते २०१०चं ६.४ ही दोन इंजिनं नवख्याने टाळावीत. हेड गॅस्केट, ईजीआर कूलर अशा दुखण्यांसाठी पहिलं कुप्रसिद्ध आहे. आधीच्या मालकाने डीपीएफ काढून टाकलेला डिझेल ट्रक स्वस्त मिळतो, पण तसं करणं केंद्रीय कायद्याने बेकायदा आहे आणि कॅलिफोर्नियासारख्या राज्यात तो स्मॉग तपासणीतच अडेल.

गाडी बघायला जाताना

टॉर्च, जुना शर्ट, जमिनीवर टाकायला पुठ्ठा आणि एक मोठा स्क्रूड्रायव्हर बरोबर न्या. विकणाऱ्याला आधीच सांगा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर सकाळच्या पहिल्या स्टार्टचा आवाज आणि धूर तुमच्यापासून लपलाय, दुसऱ्या दिवशी पुन्हा या.

मग पुठ्ठ्यावर आडवे होऊन गाडीखाली जा. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, ओहायो, मिशिगन, ओंटारियो अशा भागांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते फ्रेम खातं. वरवरचा तांबूस थर सगळ्याच गाड्यांना असतो, त्याचं भय नाही. मागच्या ॲक्सलच्या वर फ्रेम जिथे कमानीसारखी वळते तिथे आणि स्प्रिंगच्या पाट्या जिथे फ्रेमला टांगलेल्या असतात तिथे टॉर्च मारा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. खणखणीत आवाज आला पाहिजे. बोदा आवाज आला, पापुद्रे हातात आले किंवा टोक आत रुतलं, तर कपडे झटकून घरी निघा. फ्रेमवर ताजा काळा रंग फासलेला दिसला तर आणखी कसून बघा. टोयोटाच्या बाबतीत हा प्रश्न इतका गाजला की २००५ ते २०१०च्या टाकोमा आणि २००७-०८च्या टुंड्रासाठी कंपनीला फ्रेमच्या गंजाबद्दल सामूहिक दाव्यात तडजोड करावी लागली. ब्रेकच्या बारीक नळ्याही त्याच मिठाने सडतात. कॅम्परसकट अकरा हजार पौंडांची गाडी उतारावर थांबवायची आहे, तेव्हा त्या नळ्या बोटाने चाचपून बघा.

आता टायर. बाजूवर लोड रेंज 'ई' आणि लोड इंडेक्सचा आकडा असतो. १२१ म्हणजे एका टायरला साधारण ३,२०० पौंड, १२५ म्हणजे ३,६४०. मागच्या दोन टायरांची बेरीज तुमच्या भरलेल्या मागच्या ॲक्सलपेक्षा जास्त हवी, आणि थोडी शिल्लक ठेवून हवी. टायरच्या बाजूवरच्या 'डीओटी' क्रमांकाच्या शेवटच्या चार आकड्यांत बनल्याची तारीख असते. ३५२१ म्हणजे २०२१चा ३५वा आठवडा. खाच भरपूर असली तरी सहा-सात वर्षांचा टायर या भाराखाली मला नको. किमतीत नवे टायर धरूनच भाव करा. उंची वाढवणारी लिफ्ट किट आणि फुगीर दिखाऊ टायर लावलेला ट्रक घेऊ नका. गुरुत्वमध्य वर जातो आणि वर कॅम्पर आणखी भर घालतो.

हौद्यात भोकं पाडून फिफ्थ-व्हील हिच (मोठा ट्रेलर जोडायचा सांधा) बसवलेला दिसला तर या गाडीने जड ट्रेलर ओढलेत हे समजा. तेवढ्यावरून नाकारू नका, पण ट्रान्समिशनचं तेल कधी बदललं याच्या पावत्या मागा. फोर्डमध्ये डॅशबोर्डवर इंजिनाचे एकूण तास दिसतात. मैलांना तासांनी भागा. उत्तर वीसच्या खाली आलं तर गाडी फार वेळ जागेवर चालू उभी राहिली आहे, म्हणजे ओडोमीटर दाखवतो त्याहून इंजिन जास्त झिजलं आहे. वीज कंपन्या, नगरपालिका यांच्या ताफ्यातले पांढरे ट्रक लिलावात येतात. देखभाल वेळेवर झालेली असते, पण हा भागाकार तिथे नक्की करा.

चालवून बघताना हायवेवर न्या, पंचावन्न-साठच्या वेगात रस्त्याच्या सांध्यावरून जाऊ द्या. समोर सॉलिड ॲक्सल असलेल्या फोर-व्हील ड्राइव्ह फोर्ड आणि रॅमच्या हेवी ड्युटी ट्रकांत झिजलेल्या बॉल जॉइंट किंवा ट्रॅक बारमुळे स्टिअरिंग अचानक जोरात थरथरतं. त्याला तिकडे 'डेथ वॉबल' म्हणतात. तसं झालं तर ते दुरुस्त होईपर्यंत व्यवहार नको. फोर-व्हील ड्राइव्ह मोकळ्या मैदानात लावून बघा. शेवटी, गाडी कितीही आवडली तरी विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून तपासणी करून घ्या. हजारो डॉलरच्या व्यवहारात तेवढा खर्च काहीच नाही.

काट्यावर न्या

विकणारा तयार असेल तर व्यवहाराआधीच इंधनाची टाकी पूर्ण भरून ट्रक कॅट स्केलवर न्या. मोठ्या ट्रक स्टॉपवर हे काटे असतात, पायलट, फ्लाइंग जे, लव्ह्ज अशा ठिकाणी. पुढची चाकं पहिल्या पट्टीवर, मागची दुसऱ्या पट्टीवर येतील असं थांबायचं, खांबावरचं बटण दाबून आतल्या माणसाला पहिलंच वजन आहे असं सांगायचं. आत जाऊन छापील कागद घ्यायचा. त्यावर पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि एकूण असे आकडे असतात. जीव्हीडब्ल्यूआरमधून एकूण वजा करा, मागच्या मर्यादेतून मागचा आकडा वजा करा. गाडीत तुम्ही बसला होतात, तेव्हा तुमचं वजन दुसऱ्यांदा धरू नका. आधीच्या मालकाने लावलेला लोखंडी बंपर, हत्यारांची पेटी, हिच या सगळ्यांचं वजन या कागदात आलेलं असतं, स्टिकरमध्ये नसतं.

या दोन वजाबाक्यांपैकी जो आकडा लहान, त्याच्याशी तुमची बेरीज ताडून बघा. कमी पडत असेल तर 'एअरबॅग (मागच्या स्प्रिंगला जोड देणाऱ्या हवेच्या पिशव्या) लावल्या की झालं' हे ऐकू नका. एअरबॅग, टिंब्रेनचे रबरी स्प्रिंग, जादा पाट्या, जाड अँटी-स्वे बार यांनी गाडी सरळ उभी राहते, झुकणं कमी होतं, चालवायला विश्वास वाटतो. त्या जरूर लावा. पण ॲक्सल, ब्रेक, चाकांचे बेअरिंग आणि फ्रेम तीच राहतात, आणि दरवाजातला आकडा एका पौंडानेही वाढत नाही.

कागद

व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, टाकून एनएचटीएसए या अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर बाकी असलेले रिकॉल फुकट बघता येतात. गाडीच्या इतिहासाचा कारफॅक्स किंवा ऑटोचेकचा अहवाल घ्या. टायटल, म्हणजे मालकीचा कागद, 'क्लीन' हवं, 'सॅल्व्हेज' (मोडीत निघालेली) किंवा 'रिबिल्ट' (मोडीतून पुन्हा उभी केलेली) नको, त्यावर बँकेचा बोजा नको, आणि त्यावरचं नाव समोरच्या माणसाच्या ओळखपत्राशी जुळायला हवं. पैसे बँकेतच बसून द्या-घ्या. विम्याबद्दल एजंटला कॅम्परचं वेगळं विचारा. ट्रकच्या पॉलिसीत कॅम्पर आपोआप येईल असं धरून चालू नका.

पहिल्यांदा कॅम्पर चढवताना

आवळण्याचे हुक पातळ पत्र्याच्या हौद्याला लावण्यापेक्षा फ्रेमला जोडलेले घ्या. टॉर्कलिफ्टचे तसे मिळतात. टेलगेट काढावं लागतं आणि बऱ्याच गाड्यांत त्याच्याबरोबर मागचा कॅमेराही जातो, त्याची सोय आधी करा. कॅम्परच्या दिव्यांसाठी आणि बॅटरीसाठी हौद्यात पुढच्या बाजूला सात पिनांचा सॉकेट लागतो. गुळगुळीत प्लास्टिकच्या लायनरवर कॅम्पर सरकतो, म्हणून खाली जाड रबरी मॅट टाका. चढवताना एक जण मागे उभा राहून दोन्ही बाजूंचं अंतर सांगत राहिला की काम निम्म्या वेळात होतं. मुलांना त्या वेळी घरात ठेवा.

उंची मोजून डॅशबोर्डवर ठळक आकड्यांत चिकटवा, एसीसकट. अकरा-बारा फूट सहज होते, आणि ड्राइव्ह-थ्रूची कमान किंवा पार्किंग गॅरेज त्याहून बरंच ठेंगणं असतं. टायरमधली हवा थंड असताना भाराप्रमाणे भरा. चालत्या गाडीत कॅम्परमध्ये कुणालाही बसवू नका. काही राज्यांत परवानगी असली तरीही नको. मुलं सीटबेल्ट लावून केबिनमध्येच.

घरापासून दहा-पंधरा मैलांवर थांबून चारही टर्नबकल, म्हणजे कॅम्पर आवळण्याचे पेच, पुन्हा आवळा, पहिल्या टप्प्यात ते हमखास सैल होतात. मग पाणी, गॅस, कुकर, माणसं सगळ्यांसकट पुन्हा काट्यावर जा आणि कागद गाडीतच ठेवा. मागचा ॲक्सल मर्यादेच्या जवळ आला असेल तर पाण्याची टाकी अर्धी भरून निघा. बहुतेक कॅम्पग्राउंडवर पाणी मिळतं, आणि पंधरा गॅलन कमी म्हणजे सव्वाशे पौंड कमी.